गोळी तोंडात घेतली, आणि थुंकली

मासा खाद्याच्या पोत्यावरचे प्रथिनांचे आकडे वाचून खात नाही. तळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, तरी प्रश्न तोच येतो. "वहिनी, फिशमील परवडंना म्हणून सोया डीओसी वाढवली. पोत्यावर शेहेचाळीस टक्के प्रथिनं लिहिल्यात. पण मासं खाईनात. काय करू?" (फिशमील म्हणजे सुकवून दळलेले मासे, आणि डीओसी म्हणजे तेल काढून उरलेली पेंड.) म्हणून आता एकदाच सगळं बैजवार लिहून ठेवते. पुढच्या वेळी कोणी विचारलं की लिंक पाठवायची आणि आपण भाकरी थापायला मोकळं.

आमचं रान शिरोळ तालुक्यात, नदीकाठचं आणि क्षारपड. उसाला पाणी पाजून पाजून वर मीठ आलं, पांढरं पडलं, टनेज घसरलं. शेवटी मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळ्यात वाईट तुकड्यात तळी काढली. एका तळ्यात रोहू, कटला, मृगळ आणि थोडा सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, दुसऱ्यात पंगस, तो मिशीवाला मासा. २०१९ च्या महापुरात बांध पाण्याखाली गेला आणि जपलेले मासे कृष्णामाईला अर्पण झाले. पुन्हा बीज आणून उभं राहायचं ठरलं तेव्हा हे आणि मी वही घेऊन बसलो. बघितलं तर खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा खाद्याचा, आणि खाद्यातला सगळ्यात महाग जिन्नस फिशमील. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. त्या पदवीचा उपयोग पेंडीचा वास घेण्यात होईल असं कॉलेजात कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते.

मामांचा पहिला आक्षेप अगदी रास्त होता. "आमच्या वेळंला कोंडा आणि पेंड निम्मं-निम्मं करून टाकायचो. त्याच्यावरच किलो-किलोचं कटलं झालं की गं. मग आता मासं पेंड खात न्हाईत म्हणायला काय झालं?"

याचं उत्तर पाण्यात आहे. त्या वेळी तळ्यात मासे विरळ असायचे. शेणखत पडायचं, पाणी हिरवं व्हायचं, त्या हिरव्यावर डोळ्यांनाही नीट न दिसणारे जीव वाढायचे. त्यांना प्लवंग म्हणतात. मासे दिवसभर तेच टिपत फिरायचे. अस्सल प्राणिज प्रथिनं त्यांना तिथून मिळायची, पेंड नुसती पोटाला आधार म्हणून. आता त्याच पाण्यात आपण कितीतरी जास्त मासे कोंबतो. प्लवंग पुरत नाही, सगळा भार गोळीवर, म्हणजे आपण टाकलेल्या खाद्यावर येतो. पूर्वी पेंडीत जे कमी होतं ते तळं भरून काढायचं; आता ते कमीपण माशाच्या अंगावर आणि आपल्या वहीत दोन्हीकडे दिसतं.

हा प्रश्न एकट्या शिरोळचा नाही. नॉर्वेत सामन पाळतात. तो पक्का मांसाहारी मासा. १९९० साली त्याच्या खाद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास माल समुद्रातला असायचा, फिशमील आणि माशाचं तेल. २०१३ पर्यंत तो तीस टक्क्यांवर आला, बाकी सोया, गहू, वनस्पती तेलं. समुद्रातून येणाऱ्या फिशमीलचा भरवसाही नाही. जगात सगळ्यात जास्त फिशमील पेरू देशातल्या अँकोव्ही या बारक्या समुद्री माशाचं, आणि २०२३ साली पेरूनं पहिला हंगामच रद्द केला, कारण जाळ्यात पिल्लंच येत होती. तिकडे बोटी थांबल्या की इकडे पोत्याचा दर हलतो. तेव्हा वनस्पतीकडे वळायचं की नाही हा प्रश्न उरलेलाच नाही. वळल्यावर मासा खाईल कसा, एवढाच आहे.

मी खाद्य कधीही थेट तळ्यात तपासत नाही. परड्यात काचेची एक जुनी टाकी आहे, धाकट्या दिरांनी रंगीत मासे पाळायची हौस संपल्यावर सोडलेली. त्यात तळ्यातलंच पाणी आणि चार-सहा बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. आधी दिवसभर उपाशी ठेवायच्या आणि मग एकेक गोळी सोडायची. सायप्रिनस बघण्यासारखा असतो. तो गोळीखाली येतो, ओठ नळीसारखे पुढे काढतो, गोळी पाण्यासकट आत ओढतो. मग गाल हलतात. आपण खडा लागलेला घास जसा तोंडात फिरवतो तसं तो आत काहीतरी चाचपत असतो. त्याच्या टाळूला चवीची मऊ गादी असते. चिखल आणि खाणं तो तिथं वेगळं करतो. पटलं तर गोळी घशाकडे जाते, तिथल्या दातांनी भरडली जाते, कल्ल्यातून भुश्याचा बारीक धूर निघतो. नाही पटलं तर फूऽऽ करून गोळी बाहेर. मग पुन्हा तीच गोळी आत, पुन्हा बाहेर. पाच-सहा वेळा असं करून तो निघून जातो आणि गोळी तळाला विरघळत बसते.

हे तळ्यात दिसत नाही. काठावर उभं राहिलं की दिसतं एवढंच की मासे आले, पाणी हललं, गोळ्या गेल्या. माणूस खूश होऊन घरी येतो. गोळ्या गेल्या कुठं, पोटात का चिखलात, हे चेकट्रे, म्हणजे उरलेलं खाद्य बघायला पाण्यात सोडलेला ट्रे, उचलल्याशिवाय कळत नाही.

म्हणजे वासाला येणं ही एक गोष्ट आणि गिळणं ही दुसरी. वासाची औषधं विकणारे पहिल्याच गोष्टीचे पैसे घेतात. पंगसच्या मिशांवर चवीच्या गाठी असतात, त्यामुळे तो तोंड लावायच्या आधीच निम्मा निकाल देतो. रोहू-कटल्याचं तसं नाही. म्हणून एकच गोळी दोन्ही तळ्यांत चालेल हे डोक्यातून काढा.

आता माझं म्हणणं सरळ सांगते. खाद्यात चांगलं काय घालायचं हे नंतर बघा. मासा ज्यामुळे थुंकतो ते आधी काढा. लोक उलटं करतात. कडू, खवट पेंडीवर महागडं ॲट्रॅक्टंट, म्हणजे मासा ओढणारं वासाचं औषध, शिंपडतात.

खवटपणाचा पहिला आरोपी भाताचा कोंडा. आमच्याकडे तो आजरा-गडहिंग्लजकडच्या भातगिरण्यांतून येतो. ताज्या कोंड्यात तेल भरपूर, आणि ते तेल फोडणारं विकरही (एन्झाइम) त्यातच. गिरणीतून बाहेर पडल्या क्षणापासून काम चालू. पावसाळ्यात तर काही दिवसांतच घशाला लागेल असा वास येतो. अशा कोंड्याला मासा तोंड लावत नाही, आणि लावलं तरी त्याच्या लिव्हरचं भलं होत नाही. मी एकतर ताजा कोंडा आठवड्यापुरताच आणते, नाहीतर तेल काढलेला घेते, तो टिकतो. कोंडा मुठीत दाबून नाकाशी धरायचा. म्हशीला टाकवणार नाही असा वाटला तर माशालाही नाही.

दुसरी शेंगपेंड. दमट जागेत ठेवलेल्या शेंगपेंडीत बुरशीचं विष धरतं, अफ्लाटॉक्सिन. ते नाकाला कळत नाही, जिभेला कळत नाही. म्हणून पेंड जूनच्या आत कोरडी घेऊन फळीवर रचायची, भिंतीला लावायची नाही. भेसळ मात्र जिभेला कळते. एका व्यापाऱ्याकडून एकदा स्वस्तातली पेंड आली होती. मामांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि ओसरीवरून थुंकले. "ह्यात दुसरं कायतरी हाय," एवढंच म्हणाले. टाकीतल्या बोटुकल्यांचा निकालही तोच. पोती परत गेली, भांडण झालं, तो व्यापारी आता आम्हाला बघून रस्ता बदलतो. बदलू दे.

कडूपणा माशाला किती नकोसा असतो याचं टोकाचं उदाहरण म्हणजे मोहाची पेंड. जुन्या तळ्यातले नको असलेले मासे मारायला ती हेक्टरी दोन-अडीच हजार किलो टाकतात. तिच्यातलं सॅपोनिन माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. सोयाबीनमध्येही सॅपोनिन असतं. ते वेगळ्या जातीचं आणि कितीतरी थोडं, त्यानं मासा मरत नाही. पण कडवट चव तिथूनही येते, आणि सामनच्या आतड्याला सूज आणणाऱ्या कारणांत त्याचं नाव आहे. सरकी पेंडीत गॉसिपॉल, मोहरीच्या पेंडीत तिखट उग्र द्रव्यं. वनस्पती काही आपल्या माशांसाठी बी धरत नाही. ते बी कोणी खाऊ नये म्हणून तिनं केलेला हा बंदोबस्त आहे.

सोयाबीनवर जरा जास्त लिहिते, कारण सगळा गोंधळ तिथंच आहे. शिरोळ-हातकणंगल्यात सोयाबीन घरचंच असतं. दर पडला की लोकांना वाटतं, विकण्यापेक्षा भरडून माशालाच घालू. कच्चं सोयाबीन कदापि नको. त्यातला ट्रिप्सिन इन्हिबिटर माशाचं प्रथिन पचवणारं विकरच अडवतो. मासा खातो, पचत नाही, मग दुसऱ्या दिवशी कमी खातो. तो उष्णतेनं मोडतो, म्हणून सोयाबीन भाजायचं किंवा वाफवायचं. आणि फार करपवलंत तर लायसिन, म्हणजे प्रथिनातलं एक गरजेचं अमिनो आम्ल, जातं, म्हणजे घरचं घालून तोटाही घरचाच. नीट भाजलं का हे कळायला एक सोपी युक्ती आहे. भरड सोयाबीनमध्ये थोडा युरिया आणि कोमट पाणी घालून झाकून ठेवायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी झाकण उघडल्यावर अमोनियाचा झटका आला, किंवा तांबडा लिटमस निळा पडला, तर कच्चं आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज असतं, ते आणि इन्हिबिटर साधारण एकाच आचेवर मरतात. हे परीक्षण झालेलं सोयाबीन लगेच फेकून द्यायचं, जनावरापुढे जाता कामा नये. विकतची डीओसी बहुतेक वेळा नीट भाजलेली येते, तरी पोतं बदललं की मी करून बघते.

डीओसी मी कोरडी वापरत नाही. रात्री कोमट पाण्यात थोडा गूळ आणि बेकरीचं यीस्ट घालून भिजवते, झाकून ठेवते. एक-दोन दिवसांत आंबूस गोड वास सुटतो. आंबवण्यानं पोटात वायू धरणाऱ्या साखरा कमी होतात, उरलासुरला इन्हिबिटर कमी होतो, आणि थोडंफार प्रथिन आधीच सुटं होतं. टाकीत फरक स्पष्ट दिसतो. तीच डीओसी कोरडी दिली तर गोळी आत-बाहेर होते, आंबवून दिली तर गाल हलून धूर निघतो. कोल्हापूरला गुळाला तोटा नाही, पण त्यासाठी पहिल्या नंबरचा गूळ नको, काळपट चालतो. आत्ती, म्हणजे सासूबाई, पहिल्या वेळी मी चांगली ढेप फोडली तेव्हा जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एकट्या सोयावर मासा फार दिवस मनापासून खात नाही. सोयात मेथिओनिन कमी असतं. एखादं अमिनो आम्ल सतत कमी पडलं की माशाची भूकच मंदावते, चव कितीही सुधारा. शेंगपेंडीत मेथिओनिन कमी आणि लायसिनही कमी, त्यामुळे सोया आणि शेंगपेंड एकत्र करून मेथिओनिनचं भोक बुजत नाही. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन चांगलं असतं, म्हणून ती थोडी जोडीला घेते. नाहीतर पोल्ट्रीवाले वापरतात ते मेथिओनिन पावडरमध्ये मिळतं.

आता चवीचं. माशाला जी चव कळते ती मुख्यतः सुट्या अमिनो आम्लांची, ग्लायसिन, ॲलानिन वगैरे, आणि बीटेन नावाच्या द्रव्याची. कोळंबी, माकुल, शिंपल्यांत हे ठासून भरलेलं असतं. आमच्याकडे ते घाटाखालून येतं, सुक्या जवळ्याच्या रूपानं. कच्चा, मीठ न लावलेला जवळा बघून घ्यायचा, उन्हात कडक करून दळायचा. शंभर किलोला तीन-चार किलो पुरतो. वांग्याच्या भाजीत मूठभर जवळा टाकला की कोरड्यासाला नाक मुरडणारी पोरं भाकरी मागून घेतात, त्यातलाच हा प्रकार. फिशमीलच्या जागी जवळा नव्हे, पेंडीच्या तोंडी जवळा.

बीटेनबद्दल एक गैरसमज. "आपल्याकडं कारखान्याची मळी कशी पाहिजे तेवढी, तिच्यात बीटेन असतंय," असं मला एका पाहुण्यांनी ठामपणे सांगितलं. बीटेन मुबलक असतं ते साखरेच्या बीटच्या मळीत. युरोपात साखर बीटपासून होते, म्हणून पुस्तकात मळी आणि बीटेन जोडीनं येतात. आपली मळी उसाची. गोळी बांधायला, आंबवायला घ्या, पण त्यातून बीटेन मिळेल ही आशा नको.

जवळ्यापेक्षा स्वस्त पडतं ते सायलेज. जयसिंगपूरच्या मासळी बाजारात बांगडा-तारलीची डोकी आणि आतडी फुकट किंवा नाममात्र दरात मिळतात. ती बारीक करून प्लास्टिकच्या ड्रममध्ये घालायची, शंभर किलोला तीन किलो फॉर्मिक ॲसिड, आणि लाकडी दांड्यानं रोज ढवळायचं. पीएच चारच्या खाली ठेवायचा, पट्टीनं बघायचा. ॲसिडमुळे सडत नाही आणि माशाच्या आतड्यातली विकरं आपलं काम करत राहतात. आपल्याकडच्या उष्म्यात आठवड्याभरात सगळं पातळ होतं. प्रथिन तुटून सुटी अमिनो आम्लं तयार झालेली असतात, म्हणजे माशाला नेमकं जे चाखायचं असतं तेच. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ॲसिडला हात लावू नका, आणि लोखंडी पिंप वापरू नका. मी ते उकळून, चिमूटभर चुना घालून आंबटपणा मोडून मगच पेंडीत मिसळते, किलोला साधारण पन्नास मिली. आणि समुद्राच्या माशाचंच घेते. रोहूचा कचरा रोहूला घालणं म्हणजे रोग हातानं वाढणं.

बदल एका दिवसात करू नका. जुन्या गोळीत नवी आधी पावभाग, चार-पाच दिवसांनी निम्मी, असं पंधरा दिवस तरी घ्या. मध्ये चेकट्रेत उरलं तर तिथंच थांबा, मागे जा.

आणि सगळा दोष गोळीला देण्याआधी पाणी बघा. आभाळ भरून आलंय, रात्रभर वारा नाही, सकाळी मासे वर येऊन तोंड मारतायत, अशा दिवशी फिशमीलची गोळीसुद्धा पडून राहील. पाण्यात प्राणवायू नसताना जेवण कुणाला गोड लागतं? आम्ही ऊन चांगलं वर आल्यावर, नऊ-दहाच्या पुढेच टाकतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की मासा आपणहून निम्म्यावर येतो, तेव्हा चव बदलून उपयोग नाही, माप बदलायचं. पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं. एक शेतकरी माझ्याकडे खाद्याची तक्रार घेऊन आले होते. मी तळ्यावर गेले तर एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, महिनाभर बंद, मोटार जळालेली. मी गोळी बघितलीसुद्धा नाही.

सध्या माझं लक्ष बोटुकल्यांवर आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१३ साली ट्राउट माशावर एक प्रयोग छापला. पिल्लू पहिलं खाणं घेतं तेव्हाच तीन आठवडे त्याला वनस्पतीचं खाद्य दिलं, मग कित्येक महिने नेहमीचं फिशमीलचं, आणि शेवटी पुन्हा वनस्पतीचं. लहानपणी ती चव घेतलेले मासे नंतर जास्त खात होते आणि जास्त वाढत होते. ट्राउट म्हणजे आपला पंगस नव्हे, हे कळतं. तरी यंदा जुलैत बीज आल्यावर मी हापा, म्हणजे पिल्लांसाठीचा जाळीचा पिंजरा, दोन ठिकाणी बांधलाय. एकात बाजारची गोळी, दुसऱ्यात पहिल्या दिवसापासून आंबवलेली डीओसी आणि जवळा, अगदी पीठ करून. हे म्हणतात, एवढ्या लहान पिल्लांवर प्रयोग नको. मामा म्हणतात, "करू दे, म्हशीच्या रेडकालाबी पयल्यापास्नंच पेंड दावावी लागती." वजनं दिवाळीनंतर करणार आहे, आणि दोन्ही हापे एकाच तळ्यात असल्यामुळे पाण्याचं निमित्त कोणालाच सांगता येणार नाही.

सायलेजचा ड्रम कुठं ठेवायचा असं विचारणारे फोन फार येतात. घरापासून लांब, सावलीत, झाकण सैल ठेवून, आणि वारा कुठून येतो ते बघून. आमचा ड्रम आधी गोठ्याच्या मागं होता, तिथून आत्तींनी बांधावर काढायला लावला. आता पश्चिमेचा वारा सुटला की शेजारच्या काकू फोन करतात.